काचबिंदू शोधावा लागतो

डोळ्यांच्या शिबिराला म्हातारी माणसे येतात ती एका खात्रीने. शेजारच्या पाड्यावर कोणाचे तरी ऑपरेशन झालेले असते, पट्टी सुटल्यावर त्याला नातवंडाचा चेहरा लख्ख दिसलेला असतो, तेव्हा आता आपलीही पाळी. बॅटरीच्या उजेडात बाहुली पांढरट दिसली तर ती खात्री खरी ठरते. मोतीबिंदू आहे, डोळ्यातले भिंग गढूळ झाले आहे, ते काढून नवे बसवता येते. पण त्याच रांगेत एखादा असा निघतो की ज्याची बाहुली जवळजवळ स्वच्छ आहे आणि तरीही त्याला समोर धरलेली बोटे मोजता येत नाहीत. तपासणारा त्याच्या डोळ्यात जरा जास्त वेळ वाकून पाहतो. मग जे सांगावे लागते ते घरच्यांच्या गळी उतरत नाही: हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, आता उरली आहे ती सांभाळू.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे एका दमात घेतली जातात, म्हणून पुष्कळांना दोन्ही आजार एकाच जातीचे वाटतात. मोतीबिंदूने गेलेली नजर सहसा परत मिळते, कारण बिघाड भिंगात असतो. काचबिंदूत मरते ती डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, आणि मेलेली नस जिवंत करणारे औषध किंवा ऑपरेशन आज जगात कुठेही नाही. म्हणून या आजाराविषयी जे काही करायचे ते नजर शाबूत असतानाच करावे लागते.

हे विसरवाडीचा पट्टा मनात धरून लिहितो आहे. धुळ्याकडून सुरतेला जाणाऱ्या महामार्गाने कोंडाईबारीचा घाट उतरला की नवापूर तालुक्यातले हे गाव लागते. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पुढे चिंचपाड्याला १९४२ पासूनचे मिशनचे रुग्णालय आहे, जिल्ह्याच्या गावी, नंदुरबारला, २०२० साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भोवताली भिल्ल, मावची, कोकणी समाजाचे पाडे, भात-ज्वारी-तुरीची शेती, आणि दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. काचबिंदूवरचे बहुतेक लेख शहरातल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात: चाळिशी झाली, तपासणी करून घ्या. ते खरेच आहे. पण या पट्ट्यात काचबिंदू इतरही काही वाटांनी येतो आणि त्यातल्या एकीकडे तर मोठ्या शहरातल्या डॉक्टरचेही सहज दुर्लक्ष होऊ शकते. तिच्याकडे येतोच, आधी डोळ्याचे आतले काम पाहू.

डोळा टणक राहतो तो आतल्या पाण्यामुळे. हे अश्रूंचे पाणी नव्हे. बुबुळाच्या मागे एका मांसल कड्यातून ते झिरपते, बाहुलीतून पुढे येते, आणि काळे बुबुळ व पारदर्शक पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून रक्तात निघून जाते. मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होते. पुढच्या कप्प्यात मावते ते पाव मिलिलिटर. म्हणजे दीड-दोन तासांत तिथले सगळे पाणी बदलते. भाताच्या खाचरात पाणी येतच राहिले आणि सांडीचे तोंड बुजले तर बांधावर जोर येतो, तसे इथे होते. डोळ्याचा बांध लवचीक नाही, त्यामुळे जोर सर्वात नाजूक जागी पडतो. ती जागा मागे आहे, जिथे नस डोळ्याबाहेर पडते. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. चाळणीसारख्या भोकांच्या एका पातळ थरातून ते बाहेर जातात, आणि दाबाने ती चाळणी मागे ढकलली गेली की तंतू चेपतात, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो, एकेक करून ते मरतात. डॉक्टर डोळ्यात डोकावून पाहतात ते नसेचे तोंड. त्याच्या मधोमध एक छोटा खळगा निसर्गतःच असतो. तंतू गेले की खळगा रुंदावतो.

डोळ्याचा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरदरम्यान असणे सर्वसाधारण समजले जाते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. २१ हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. कोणाचा दाब २५ असूनही नस वर्षानुवर्षे धडधाकट राहते, तर कोणाची नस १६ दाबालाही झिजते. पुढचा पारदर्शक पडदा पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते, हाही घोळ आहे. म्हणून नुसता दाब मोजून ‘काही नाही, जा’ असे सांगणे पुरेसे नाही. नस पाहिलीच पाहिजे.

आता रुग्णाला काय जाणवते? बहुतेक वेळा काहीच नाही, आणि या आजाराची खरी क्रूरता इथेच आहे. काचबिंदू आधी कडेची नजर खातो. समोरची, वाचायची, माणूस ओळखायची नजर शेवटपर्यंत टिकते. शिवाय गेलेल्या भागात काळोख दिसत नाही. हे पटत नसेल तर आत्ताच करून पाहा. कागदावर आडव्या ओळीत दोन ठिपके काढा, एकमेकांपासून सुमारे आठ सेंटिमीटरवर. डावा डोळा झाका, उजव्याने डावीकडच्या ठिपक्याकडे टक लावा आणि कागद फूटभर अंतरावर धरून हळूहळू पुढे-मागे करा. एका जागी उजवीकडचा ठिपका नाहीसा होईल. नस जिथून बाहेर पडते तिथे पाहण्याच्या पेशी नसतात, त्यामुळे प्रत्येक निरोगी डोळ्याला तेवढी एक आंधळी जागा असते. पण ठिपका गेला तिथे भोक दिसले का? कागद अखंडच दिसला. मेंदूने आजूबाजूचा कागद ओढून ती जागा भरली. काचबिंदूत अशा जागा वाढत जातात आणि मेंदू त्या भरत जातो. एका डोळ्याची उणीव दुसराही झाकतो. नजरेच्या चाचणीत खोट दिसायला लागेपर्यंत कित्येकदा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त तंतू गेलेले असतात.

घरच्यांच्या मात्र काही गोष्टी लक्षात येऊ शकतात. बांधावरून चालताना बाबा वारंवार कडेला घसरतात. आईला बाजूने आलेली मोटारसायकल दिसत नाही. ताटात समोरचे दिसते, कडेची वाटी राहून जाते. याला आपण ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० मधला अंदाज होता. दक्षिण भारतात वस्त्यांमध्ये जाऊन केलेल्या पाहण्यांत ज्यांना तो निघाला, त्यांतल्या दहापैकी नऊजणांना तो आपल्याला आहे याचा पत्ताच नव्हता.

इथपर्यंत सांगितला तो कोपरा उघडा असलेला, संथ काचबिंदू. दुसरा प्रकार कोपरा मिटण्याचा. काहींच्या डोळ्यात बुबुळ आणि पुढचा पडदा यांत जागाच कमी असते. उतारवयातल्या बायकांत आणि जवळ-लांबसाठी जाड प्लसचा चष्मा लागणाऱ्यांत हे जास्त. संध्याकाळी अंधारात बाहुली मोठी झाली की बुबुळ कोपऱ्यावर बसते, वाट बंद होते आणि दाब काही तासांत ५०-६० वर जातो. डोळा लालभडक, दिव्याभोवती रंगीत कडी, अर्ध्या डोक्यात ठणका, आणि उलट्या. या उलट्यांनीच घात होतो. माणूस आधी पोटाचा रुग्ण ठरतो, त्याला सलाईन लागते, डोक्याची गोळी मिळते, रात्र जाते, आणि तोवर नसेचे व्हायचे ते नुकसान होऊन जाते. उलटी, डोकेदुखी आणि एका डोळ्याची लाली एकत्र आली तर त्याच रात्री डोळ्याचा दाब पाहिला पाहिजे. दोन्ही डोळे झाकून आळीपाळीने बंद पापणीवरून बोटाने हलके चाचपले तर दुखरा डोळा दगडासारखा कडक लागतो, हे कोणालाही कळते. बुबुळाला लेझरने बारीक छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट करून देतात आणि दुसऱ्या, न दुखणाऱ्या डोळ्यालाही तेच करतात. तसे न केल्यास त्या डोळ्यातही पुढच्या काही वर्षांत झटका येण्याची शक्यता मोठी असते. शेताच्या कडेला उगवणाऱ्या धोतऱ्याचा रस हाताने डोळ्यात गेला तरी बाहुली मोठी होते. अरुंद कोपऱ्याच्या डोळ्यात तेवढेही निमित्त पुरते.

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. एके काळी ऑपरेशनच तसे होते, त्यामुळे त्यात तथ्यही होते. आज नाही. पिकलेले भिंग फुगते, बुबुळाला पुढे रेटते आणि कोपरा मिटवते. त्याहून जास्त पिकले तर त्यातले प्रथिन पाझरून जाळी बुजवते. दोन्ही वेळा डोळा अचानक दुखू लागतो, आणि जो माणूस साध्या ऑपरेशनने पूर्ण बरा झाला असता त्याची नस जाते. शहरात असे रुग्ण आता क्वचित दिसतात. जिथे ऑपरेशनसाठी दोन मजुऱ्या बुडतात, सोबत यायला घरात कोणी नसते, तिथे ते अजून दिसतात. शेताची कामे उरकेपर्यंत थांबणे मी समजू शकतो. पिकण्यासाठी थांबणे मात्र कोणीही कोणालाही सांगू नये.

आता त्या दुर्लक्षित वाटेकडे. नंदुरबार हा सिकलसेलचा जिल्हा आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी या समाजांत हा रक्तदोष पिढ्यांतून चालत आलेला आहे. आई आणि वडील दोघांकडून दोषी जनुक आले तर आजार, एकाकडूनच आले तर माणूस नुसता वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो आणि त्याला तसेच सांगितलेही जाते: तुम्हाला काही झालेले नाही, फक्त लग्न ठरवताना समोरच्याची तपासणी करा. हा सल्ला बरोबरच आहे. पण डोळ्याला मार लागला की वाहकाचे गणित बदलते.

समजा, भातकापणीच्या दिवसांत पंचविशीतल्या एका गड्याच्या डोळ्यावर बैलाचे शिंग लागले, किंवा लाकूड फोडताना ढलपी उडाली. डोळा फुटला नाही, पण आत रक्त उतरले. आरशासमोर उभे राहिले तर बुबुळाच्या पुढे, खालच्या बाजूला, लाल पातळी साचलेली स्पष्ट दिसते. एरवी हे रक्त आठवडाभरात जाळीतून निघून जाते, कारण तांबड्या पेशी मऊ असतात आणि दुमडून बारीक छिद्रांतून पार होतात. वाहकाच्या पेशी रक्तात असतात तेव्हा त्याही मऊच असतात. डोळ्यातल्या पाण्यात मात्र प्राणवायू कमी, आणि रक्त साचून राहिले की तो आणखी कमी होतो. तिथे त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि जाळीत अडकून बसतात. थोडेसेच रक्त, पण दाब झपाट्याने चढतो. भर म्हणजे सिकलसेलच्या माणसाची नस, वाहकाचीसुद्धा, इतरांपेक्षा कमी दाबाला बळी पडते, कारण तिच्या बारीक रक्तवाहिन्यांतही त्याच पेशी अडतात. इतरांच्या बाबतीत डॉक्टर चार-पाच दिवस वाट पाहू शकतात तिथे या गड्याचा दाब २४ च्या वर एक दिवस राहिला तरी रक्त धुऊन काढायचा विचार करावा लागतो.

आणि औषध? डोळ्याचा दाब तातडीने उतरवायला सर्वत्र दिली जाते ती गोळी म्हणजे ॲसिटाझोलामाइड. ही गोळी रक्ताची आम्लता वाढवते आणि आम्लता वाढली की पेशी आणखी वाकतात. म्हणजे जी गोळी बाकीच्यांना तारते तीच इथे अपाय करू शकते. शिरेतून देण्याच्या मॅनिटॉलबाबतही जपूनच पाऊल टाकावे लागते, कारण त्याने रक्त घट्ट होते. डोळ्याच्या डॉक्टरांना हे शिकवलेले असते, पण पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला वर्षानुवर्षे असा रुग्ण भेटत नाही, आणि रुग्ण स्वतःहून ‘मी वाहक आहे’ हे डोळ्याच्या दवाखान्यात कशाला सांगेल? त्याला तर ते लग्नापुरते सांगितलेले असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. गावोगाव तपासण्या होऊन कार्डे वाटली जात आहेत. ही कार्डे देताना आशाताईंनी एक वाक्य जास्तीचे सांगावे, असे मला कळकळीने वाटते: डोळ्याला मार लागला तर हे कार्ड डॉक्टरला आधी दाखवा. कार्ड नसेल तर साध्या सॉल्युबिलिटी चाचणीने दोष आहे की नाही ते लवकर कळते. आणि रक्त उतरलेल्या डोळ्याच्या माणसाला डोके उंच ठेवून बसवावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या देऊ नयेत, त्यांनी पुन्हा रक्त सुटते.

मार लागलेल्या डोळ्याची गोष्ट रक्त निवळल्यावरही संपत नाही. आघाताने कोपरा आतून फाटलेला असेल तर काचबिंदू पाच-दहा वर्षांनीही उगवतो. म्हणून लहानपणी विटी लागलेल्या, दगड लागलेल्या डोळ्याचा दाब दर वर्षी पाहून घ्यावा.

मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे थेंब ही आणखी एक वाट. डोळे आले, खाज सुटली, की मागच्या खेपेची बाटली दाखवून तीच पुन्हा आणली जाते. तिच्यात स्टेरॉइड असते; डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावे. लाली दोन दिवसांत जाते, त्यामुळे औषध गुणकारी वाटते. पण महिनोन्‌महिने घातले तर साधारण तिघांतल्या एकाचा दाब वाढतो आणि थोड्यांचा फारच वाढतो. उन्हाळी खाजेसाठी वर्षभर हे थेंब घातलेली शाळकरी मुले दोन्ही डोळ्यांची नजर गमावू शकतात. बाटलीवरचे नाव वाचता येईल असा घरात कोणी ना कोणी आता असतोच. त्याने ते वाचावे.

मुलांचा विषय निघालाच आहे तर तान्ह्यांचेही सांगतो. बाळाचे टपोरे डोळे सगळ्यांनाच आवडतात. पण बाळ उजेडाला डोळे गच्च मिटत असेल, डोळ्यांतून सारखे पाणी येत असेल आणि पुढचा पारदर्शक पडदा दिवसेंदिवस मोठा, धुरकट होत असेल तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. तान्ह्याचा डोळा मऊ असतो, म्हणून दाबाने तो ताणून मोठा होतो. तिथे थेंबांवर भागत नाही; ऑपरेशन लागते, तेही आठवड्यांच्या हिशेबात.

तपासणीची भीती बाळगण्यासारखे काही नाही. ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याचे पद असते आणि दाब मोजण्याचे सर्वात साधे साधन, नॉर्वेच्या श्यॉट्झने १९०५ च्या सुमारास बनवलेले, आजही शिबिरांत चालते. डोळा बधिर करणारा थेंब घालून रुग्णाला उताणे निजवतात, छताकडे पाहायला सांगतात, आणि छोटे धातूचे उपकरण पुढच्या पारदर्शक पडद्यावर क्षणभर टेकवतात. वजनाने पडदा किती दबला ते काटा दाखवतो. मग बाहुली मोठी करून नस पाहायची. मात्र कोपरा अरुंद नाही ना, हे आधी बघून. कोपरा आरशाच्या भिंगातून बघायची सोय आणि कडेची नजर तपासण्याचे यंत्र यांसाठी मोठ्या दवाखान्यात जावे लागते.

उपचारांचे सारे सूत्र एकच, दाब उतरवणे. स्वीडनमधल्या एका दीर्घ अभ्यासात दाब एक मिलिमीटर उतरला की आजार वाढण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो असे दिसले. थेंबांनी भागले नाही तर लेझर, त्यानेही नाही तर पाण्याला नवी वाट करून देणारे ऑपरेशन. टिमोलॉल हा थेंब स्वस्त आणि जुना. पण तो नाकावाटे रक्तात उतरतो, दम्याच्या रुग्णाला धाप लावतो, नाडी मंद करतो. दमा असेल तर डॉक्टरला आधीच सांगावे. थेंब घालायची रीतही महत्त्वाची. खालची पापणी ओढून खाचेत एकच थेंब टाकायचा, दोन टाकले तर दुसरा गालावरून ओघळतो. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा. दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यायची.

हे थेंब जन्मभराचे. आणि इथे ऊसतोड आडवी येते. बारडोली-व्यारा पट्ट्यातल्या पडावावर कुटुंब चार-पाच महिने राहते. नेलेली बाटली महिन्याभरात संपते, डोळा दुखत नसतो, म्हणून दुसरी आणली जात नाही. निघण्यापूर्वीच पुढच्या महिन्यांच्या बाटल्या मागून घ्याव्यात. लॅटॅनोप्रॉस्टची न फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि पडावावर फ्रिज कुठला? म्हणून ‘आम्ही तोडीला चाललो आहोत’ हे डॉक्टरला सांगायलाच हवे. फ्रिजशिवाय टिकणारी औषधे मिळतात, ती तो लिहून देऊ शकतो.

काचबिंदू घराण्यात चालतो. एकाला निघाला की सख्ख्या भावंडांना धोका इतरांच्या कित्येक पट असतो. मुलांनाही असतो, आणि त्यांनी चाळिशीची वाट पाहू नये. पण भावंडे एका जागी सापडायची कधी? एक नवापूरला, एक सुरतेला हिऱ्याच्या कारखान्यात, दोन उसाच्या फडात. होळीला मात्र तोडीवरची माणसेही पाड्यावर परततात. जागतिक काचबिंदू सप्ताह मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात असतो, होळीच्या मागेपुढेच. त्या दिवसांत शिबिर ठेवले आणि आधीच ओळखलेल्या रुग्णांच्या घरी निरोप धाडला, की भाऊ, बहिणी, मुले सगळ्यांना घेऊन या, तर घरच्या घर एका सकाळीत तपासून होते. येताना सिकलसेलचे कार्ड आणि घरात वापरात असलेली थेंबांची प्रत्येक बाटली सोबत आणायला सांगावे.